सहाशे पंचवीस मीटरची जाळी: एफ३ मधल्या एका नकाशाची उलटतपासणी

प्रकल्पाचा मसुदा माझ्या टेबलावर आला, तेव्हा त्यातल्या एकाच नकाशापाशी मी बराच वेळ थांबले. समुद्रतळाखालच्या एका थराचा तो नकाशा होता. एका बाजूने तिरका उजेड पडावा तशी छटा त्याला दिली होती, त्यामुळे उताराच्या भागात आडव्या-उभ्या रेघांची जाळी चारखानी कापडासारखी उठून दिसत होती. खाली विद्यार्थिनीने लिहिलं होतं: ‘थराला छेदणाऱ्या प्रस्तरभंगांचे दोन संच. अंदाजे सरक दहा मिलिसेकंद.’

हे वाक्य निष्काळजीपणे लिहिलेलं नव्हतं. तिचा अभ्यास उत्तर समुद्राचा होता, आणि तिथल्या पॅलिओजीन काळातल्या चिकणमातीच्या थरांमध्ये बहुभुजी फॉल्टचं, म्हणजे प्रस्तरभंगांचं, जाळं असतं ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. बारीक कणांचा गाळ दबत जातो, त्यातलं पाणी निघून जातं, थर आक्रसतो आणि त्याला शेकडो छोटे तडे जातात. त्यांच्यातलं अंतरही काही शे मीटरचं असतं. तिने हे वाचलं होतं, पडद्यावर जाळी दिसली आणि दोन्ही तिच्या मनात जुळले. तिच्या जागी मी असते तर पहिल्या दिवशी मीही हेच लिहिलं असतं.

आधी डेटाविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. एफ३ हा उत्तर समुद्राच्या डच हद्दीतला एक ब्लॉक आहे. तिथे १९८७ साली त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षण झालं. सर्वेक्षणाचं जहाज पाण्यात हवेचे दाबयुक्त स्फोट करत जातं, मागे ओढलेल्या केबलींमधले हायड्रोफोन तळाखालून परत येणारे तरंग टिपतात, आणि महिनोन्महिने चालणाऱ्या संस्करणानंतर त्या नोंदींमधून थरांचं चित्र तयार होतं. शोध होता वरच्या जुरासिक आणि खालच्या क्रिटेशियस थरांमधल्या तेला-वायूचा. पण खुल्या परवान्याखाली मिळणारा जो तुकडा जगभरचे विद्यार्थी वापरतात, तो त्यांच्या वरचा आहे. साधारण १६ किलोमीटर गुणिले २४ किलोमीटर क्षेत्र, इनलाइन (एका दिशेच्या ओळी) १०० ते ७५०, क्रॉसलाइन (त्यांना काटकोनातल्या ओळी) ३०० ते १२५०, दोन ओळींमध्ये २५ मीटर, आणि उभ्या दिशेला दर चार मिलिसेकंदांना एक नमुना. उभा अक्ष मीटरचा नसून वेळेचा असतो, म्हणजे तरंगाला खाली जाऊन परत यायला लागलेला वेळ. हा तुकडा सुमारे १,८५० मिलिसेकंदांपर्यंत जातो. बघण्याचं साधन म्हणजे ओपनडीटेक्ट, मुळात नेदरलँड्समध्ये बनलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी मुंबई हायचं काहीतरी बघायला मागतात. १९७४ साली सापडलेल्या आपल्या त्या क्षेत्राचं आकर्षण मला समजतं. पण घरच्या लॅपटॉपवर उघडून रात्रभर उलटसुलट करता येईल असा डेटा हवा असेल, तर मी एफ३ हातात देते.

आणि तो सुंदर आहे. इनलाइन जवळजवळ पूर्व-पश्चिम जातात. मधली एखादी उघडली की वरच्या १,२०० मिलिसेकंदांत मायोसीन, प्लायोसीन आणि प्लाइस्टोसीन काळातला एक प्रचंड त्रिभुज प्रदेश समोर येतो. बाल्टिक समुद्राच्या आजच्या परिसरातलं पाणी वाहून आणणाऱ्या नदीव्यवस्थेने हा गाळ टाकला. नदी गाळ टाकते, किनारा पुढे सरकतो, नवा गाळ आधीच्या उतारावर पसरतो, आणि छेदामध्ये ताणलेल्या एस अक्षरासारखे वळसे एकामागे एक उभे राहतात. त्यांना क्लायनोफॉर्म म्हणतात. थर खाली टेकतो कुठे, वर छाटला जातो कुठे, जुन्या उतारावर नवा थर चढतो कुठे, हे पुस्तकात आकृती काढून शिकवावं लागतं. इथे ते नुसतं बोट ठेवून दाखवता येतं. वळशांच्या पायथ्याशी कौलांसारखे एकावर एक चढलेले छोटे तुकडे आहेत, ते वाळूचे, समुद्रतळावरच्या गढूळ प्रवाहांनी आणलेले. अगदी तळाशी झेक्स्टाइन या फार जुन्या काळातल्या मिठाने वरचे थर उचलले आहेत. पहिल्यांदा बघणारी मुलं इथे गप्प होतात. ती शांतता मला आवडते.

मात्र पडद्यावर हे उतार डोंगरकड्यासारखे दिसतात, आणि ते तसे नाहीत. चोवीस किलोमीटर रुंदी आणि ढोबळमानाने दोन किलोमीटर खोली चौकोनी खिडकीत बसवली की उभी मोजपट्टी बारा पट ताणली जाते. एक अंशाचा उतार बारा अंशांचा भासतो. जाळीच्या पायऱ्याही त्याच बारा पटीने मोठ्या दिसत होत्या. म्हणून तिला बोलावल्यावर पहिलं काम केलं ते ताण कमी करण्याचं. पायऱ्या लहान झाल्या, पण गेल्या नाहीत.

“मॅडम, म्हणजे आहेत ना फॉल्ट?”

“काहीतरी आहे एवढं नक्की. कुठे आहे ते शोधू. दगडात, जहाजाच्या फेऱ्यांत, की तुझ्या हातात.”

त्या दुपारचं सगळं काम या तीन शक्यतांभोवती झालं. त्यांना वेगळं करायला नवा डेटा लागला नाही, नवं गणितही लागलं नाही. बघण्याच्या साधनातली चार-पाच बटणं योग्य क्रमाने दाबावी लागली.

सर्वात आधी मोजपट्टी घेतली. नकाशावर दोन शेजारच्या रेघांमधलं अंतर तिने मोजलं: ६२० मीटर, ६३०, ६२५, ६२५. दुसऱ्या दिशेलाही तेच. मग रेघांची दिशा बघितली. एक संच इनलाइनला समांतर, दुसरा क्रॉसलाइनला, आणि मधला कोन काटकोन. बहुभुजी फॉल्ट असे वागत नाहीत. त्यांचे तुकडे वेगवेगळ्या दिशांना वळतात, एकमेकांना वेड्यावाकड्या कोनांत भेटतात, सुकलेल्या तळ्याच्या गाळावरच्या भेगांसारखे. शिवाय ते बारीक चिकणमातीचे रोग आहेत. तिचा थर वाळू आणि शेल (घट्ट झालेल्या चिखलाचा दगड) आलटून पालटून असलेल्या त्रिभुज प्रदेशातला होता. निसर्गाला सर्वेक्षणाच्या ओळी कुठून आखल्या जाणार आहेत हे माहीत नसतं.

तरी एवढ्याने मी तिला वाक्य खोडू दिलं नाही. रेघा सर्वेक्षणाला समांतर आहेत यावरून दुसरी शक्यता उलट बळकट होते. जहाज समांतर फेऱ्या मारतं, प्रत्येक फेरीत स्फोट आणि हायड्रोफोन यांच्यातल्या अंतरांचं आणि दिशांचं मिश्रण थोडं बदलतं, आणि संस्करणात ते पूर्ण निस्तरलं नाही तर डेटामध्येच पट्टे उरतात. याला आम्ही सर्वेक्षणाचा ठसा म्हणतो. तो ओळखायची जागा म्हणजे आडवा काप. ओपनडीटेक्टमध्ये ठरावीक वेळेचा काप घ्यायचा आणि माऊसने तो वरून खाली सरकवत जायचं. ठसा उथळ भागात ठळक असतो आणि खोल जाताना पुसट होतो. जहाज एकाच दिशेने ये-जा करत असल्याने तो फेऱ्यांच्या दिशेचे पट्टे उमटवतो. दोन्ही दिशांची चोख जाळी काढायचं त्याला कारण नसतं. आम्ही काप दोनशे मिलिसेकंदांपासून हजारापर्यंत सरकवला. डेटामध्ये गोंगाट होता, पण ६२५ मीटरची जाळी कुठल्याच खोलीवर नव्हती.

इथे ती म्हणाली, “पण मी फिल्टर केलेल्या डेटावर काम केलंय. फिल्टरने पुसली असेल तर?”

हा प्रश्न तिने स्वतःहून विचारला, आणि तो बरोबर होता. एफ३ चा मूळ डेटा बराच गोंगाटाचा आहे. म्हणून प्रात्यक्षिक संचासोबत त्याची गाळलेली आवृत्ती मिळते: थराच्या कलाच्या दिशेने चालणारा मध्यक फिल्टर, त्रिज्या दोन ट्रेस (ट्रेस म्हणजे एका जागेची उभी नोंद). म्हणजे प्रत्येक बिंदूला तो स्वतः आणि भोवतालचे बारा ट्रेस अशा तेरा किमती रांगेत लावायच्या आणि मधली ठेवायची. सरासरीपेक्षा हे चांगलं, कारण दोन्ही बाजूंना थर सलग असेल तर मध्यक पायरी राखतो. पण एक-दोन ट्रेस रुंदीची बारीक गोष्ट तेरांच्या मतदानात हरते. तेव्हा ‘गाळलेल्यात दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असं म्हणता येत नाही. आम्ही मूळ आणि गाळलेला डेटा शेजारी-शेजारी उघडले, रंगपट्टीची मर्यादा दोन्हींना एकच दिली (ती आपोआप ठरू दिली तर दोन चित्रांची तुलनाच होत नाही), आणि मग मुळातून गाळलेला वजा करून उरलेला फरकही बघितला. फरकात विखुरलेला गोंगाट होता. त्यात रेषेत रांगणारं काही असतं, तर फिल्टरने भूशास्त्र खाल्लं असं म्हणावं लागलं असतं.

सादृश्याचा कापही तिने काढला. हे गुणचित्र शेजारचे ट्रेस एकमेकांसारखे आहेत का ते मोजतं. थर तुटला की साम्य घटतं आणि काळी रेघ उमटते. तिच्या पहिल्या कापावर बाकदार काळ्या रेघा भरपूर होत्या, पण त्या फॉल्ट नव्हत्या. कललेल्या थरांना आडवा काप कापतो तेव्हा शेजारचे ट्रेस नुसत्या कलामुळेही वेगळे ठरतात. कल हिशेबात घेऊन पुन्हा काढल्यावर बहुतेक रेघा विरल्या. खोलवर, त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या थरांमध्ये, काही खरे तडे उरले. तिच्या थरावर काही उरलं नाही.

आता राहिली तिसरी शक्यता. तिला विचारलं, थर कसा आखलास? तिने जे केलं ते सगळेच करतात. दर पंचविसावी इनलाइन आणि दर पंचविसावी क्रॉसलाइन उघडून परावर्तनाच्या, म्हणजे थरावरून परतलेल्या तरंगाच्या, शिखरावर हाताने रेघ मारली. म्हणजे २७ इनलाइन आणि ३९ क्रॉसलाइन. मधली जागा सॉफ्टवेअरकडून भरून घेतली, अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन देण्याच्या पद्धतीने. पंचवीस गुणिले पंचवीस तिने मनातच केलं, आणि तिचा चेहरा उतरला.

या पद्धतीत नेमकं काय घडतं ते कागदावर काढून बघण्यासारखं आहे. ज्या बिंदूची किंमत हवी त्याच्या जवळच्या आखलेल्या बिंदूंना जास्त वजन, लांबच्यांना कमी. समजा थर पश्चिमेला एकसारखा उतरतो आहे, आणि उताराला आडव्या दोन क्रॉसलाइन आखल्या आहेत. पहिलीच्या अगदी जवळ तिचंच वजन इतकं जड की पृष्ठभाग तिच्याच पातळीवर जवळजवळ सपाट राहतो. दुसरीजवळ तेच. मग उतार जातो कुठे? सगळा मधल्या अरुंद पट्ट्यात ढकलला जातो. सरळ उताराची भातखाचरं होतात: सपाट वाफा, बांध, पुन्हा सपाट वाफा. तिरक्या उजेडात हा बांध फॉल्टच्या कड्यासारखाच दिसतो. दुसरा संच वेगळ्या रीतीने तयार होतो. आखलेल्या इनलाइनवर थराचा खरा सरळ उतार आहे आणि तिच्यापासून जरा दूर खाचरं, म्हणून त्या ओळीवर कापडाला इस्त्रीची घडी पडावी तशी चुणी पडते. त्यामुळे एक संच बरोब्बर आखलेल्या इनलाइनवर होता आणि दुसरा दोन क्रॉसलाइनच्या मधोमध. नकाशा मोठा करून बघितला तेव्हा हे अगदी तसंच निघालं.

खात्रीसाठी तिने न आखलेली एक ओळ उघडली, इनलाइन ३६२. ती ३५० आणि ३७५ च्या मध्ये येते, म्हणजे तिच्या हाताच्या रेघेपासून जास्तीत जास्त लांब. थराची रेघ छेदावर चढवली आणि मोठं केलं. क्रॉसलाइन ७०० वर रेघ शिखरावर टेकलेली, ७२५ वर टेकलेली, ७५० वर टेकलेली, आणि मधे प्रत्येक वेळी शिखर सोडून आधी वर, मग खाली. फरक कुठे तीन-चार मिलिसेकंद, उतार जास्त तिथे सहा-सात. परावर्तन मात्र शांतपणे सलग उतरत होतं. दहा मिलिसेकंदांची खरी सरक असती तर ते असं सलग राहिलं नसतं: उथळ थरांत सेकंदाला दोन हजार मीटर वेग धरला तर दहा मिलिसेकंद म्हणजे दहा मीटर, आणि पन्नास हर्ट्झच्या तरंगाची लांबी चाळीस मीटर. तिचा चौथा भाग दहा मीटर. इतक्या सरकेला परावर्तन निदान वाकतं, फिकं पडतं. इथे ते हललंही नव्हतं.

शेवटी तिने एका लहान भागात दर दहावी ओळ आखून पुन्हा नकाशा काढला. जाळी २५० मीटरची झाली.

याच ओघात एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण ती फारशी कोणी वाचत नाही. एफ३ च्या प्रात्यक्षिक संचासोबत जे तयार थर येतात, तेही विरळ जाळीवर आखून याच पद्धतीने भरलेले आहेत. संचासोबतच्या माहितीत हे सरळ लिहिलेलं आहे, काही लपवलेलं नाही. तरीही ते थर हजारो लॅपटॉपांवर उघडतात, यंत्रशिक्षणाच्या प्रयोगांत उत्तर म्हणून वापरले जातात, आणि आखलेला भाग कोणता व भरलेला कोणता हा प्रश्न अभावानेच विचारला जातो.

तिच्या मसुद्यात फॉल्टला आधार म्हणून आणखी एक परिच्छेद होता: विहीर एफ०३-४ आणि एफ०६-१ यांच्या सच्छिद्रतेतला, म्हणजे खडकातल्या रिकाम्या जागेच्या प्रमाणातला, फरक. तोही उघडून बघितला. या डेटात चार विहिरी आहेत. ध्वनिवेग आणि गॅमा किरण चारही विहिरींत मोजले आहेत. घनता मोजलेली आहे ती फक्त एफ०२-१ आणि एफ०३-२ मध्ये. उरलेल्या दोन विहिरींची घनता न्यूरल नेटवर्कने पहिल्या दोघींवरून शिकून वर्तवलेली आहे. आणि सच्छिद्रता चारही ठिकाणी घनतेवरूनच काढली आहे: २.६५ मधून घनता वजा करायची आणि उत्तराला १.६० ने भागायचं. घनता २.२५ असेल तर सच्छिद्रता २५ टक्के. म्हणजे तिने ज्या दोन विहिरींची तुलना केली, नेमक्या त्याच दोघींमध्ये सच्छिद्रता हा अंदाजावरचा अंदाज होता. पडद्यावर चारही वक्र एकाच जाडीच्या, एकाच रंगाच्या रेघांनी येतात. मोजलेली रेघ सलग आणि वर्तवलेली तुटक काढायची, एवढा बदल तिने आपल्या आकृत्यांमध्ये केला. मला तो फार मोलाचा वाटतो.

जाळीने आणखी एक नुकसान केलं होतं, ते शेवटी लक्षात आलं. अर्ध्या सेकंदाच्या आसपास एफ३ मध्ये झगझगीत डाग दिसतात, त्यांना ब्राइट स्पॉट म्हणतात. गाळातल्या सेंद्रिय द्रव्यावर जिवाणूंनी काम करून तयार केलेला वायू वाळूच्या थरात अडकतो, तिथला वेग आणि घनता घटतात, आणि परावर्तन तीव्र होतं. समुद्रात विहीर खोदणाऱ्यांच्या दृष्टीने हा धोक्याचा डाग आहे; उथळ वायूत अचानक शिरलं की विहीर आवरणं कठीण होतं. तिच्या तीव्रतेच्या नकाशावर हा डाग पट्ट्यापट्ट्यांचा आला होता आणि तिने लिहिलं होतं, ‘फॉल्टमुळे वायूसाठा कप्प्यांत विभागलेला’. खरं तर थराची रेघ शिखरावरून घसरली की तिथे वाचलेली तीव्रताही घसरते. कप्पे वायूचे नव्हते, ते तिच्याच खाचरांचे होते. धोक्याच्या मूल्यमापनात असा नकाशा गेला असता तर कोणीतरी दोन ‘कप्प्यां’च्या मधली जागा सुरक्षित समजून तिथे बोट ठेवलं असतं. याच कारणासाठी मी त्या दुपारी घड्याळाकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने हाताने आखलेल्या रेघा बीज म्हणून ठेवल्या आणि स्वयंचलित मागोवा चालवला. त्यात सॉफ्टवेअर मधली जागा गणिताने भरत नाही. प्रत्येक ट्रेसवर शेजारच्या शिखराशी जुळणारं शिखर शोधत जातं. जाळी नाहीशी झाली. डाग सलग झाला, त्याची कड थराच्या समपातळी रेषांना बऱ्याच अंशी धरून गेली, वायूच्या साठ्याकडून अपेक्षा असते तशी.

मात्र पश्चिमेकडे, जिथे क्लायनोफॉर्मचा पाय खालच्या थरावर टेकून पातळ होत संपतो, तिथे मागोवा घेणाऱ्याने उडी मारली आणि शेजारचंच परावर्तन धरलं. तिने संध्याकाळभर एकेक ओळ तपासून ते तुकडे काढून टाकले. आता नकाशाला तिथे भोकं आहेत. भरून टाकायची सोय एका बटणावर होती. तिने ती वापरली नाही. ती जागा पांढरी ठेवली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘पांढरा भाग: थराचा माग लागला नाही.’